हम्फ्रींचा उशीर : १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत निष्ठेने काय केलं

५ नोव्हेंबर १९६८ च्या मतदानात रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांना ४३.४ टक्के, डेमोक्रॅटिक पक्षाचे विद्यमान उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना ४२.७ टक्के आणि तिसऱ्या पक्षाचे जॉर्ज वॉलेस यांना १३.५ टक्के मतं पडली. सव्वासात कोटींहून जास्त मतदान झालं आणि पहिल्या दोघांतलं अंतर सव्वापाच लाखांच्याही आत राहिलं. अध्यक्ष ज्यांवर ठरतो त्या राज्यवार इलेक्टोरल मतांची विभागणी मात्र ३०१, १९१ आणि ४६ अशी झाली. हे आकडे पाहिले की निक्सन सहज जिंकले असं वाटतं. ते तसं नव्हतं. एकट्या कॅलिफोर्नियाची ४० मतं त्यांच्या हातून गेली असती तर ते २६१ वर अडकले असते. बहुमताला २७० लागतात. मग निवड प्रतिनिधिगृहात गेली असती. तिथे प्रत्येक राज्याला एक मत असतं, आणि त्या सभागृहात बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचं होतं.

कॅलिफोर्नियात हम्फ्री २ लाख २३ हजार मतांनी हरले. त्याच राज्यात पाच महिन्यांपूर्वी, उमेदवार निवडण्यासाठी जूनमध्ये झालेल्या पक्षांतर्गत मतदानात, म्हणजे प्रायमरीत, सिनेटर युजीन मॅकार्थी यांना तेरा लाखांहून अधिक मतं मिळाली होती. मॅकार्थी हम्फ्रींच्याच पक्षाचे आणि त्यांच्याच मिनेसोटा राज्याचे, पण व्हिएतनाम युद्धाचे विरोधक. त्यांनी हम्फ्रींना पाठिंबा जाहीर केला तो २९ ऑक्टोबरला, मतदान आठवड्यावर आलेलं असताना.

या प्रकरणात दोन उशीर आहेत आणि ते एकमेकांना खतपाणी घालत गेले. हम्फ्रींना व्हिएतनाम युद्धावर आपल्या अध्यक्षापासून, लिंडन जॉन्सन यांच्यापासून, वेगळी भूमिका घ्यायला उशीर झाला, आणि मॅकार्थींनी हम्फ्रींना स्वीकारायला उशीर केला. पक्षनिष्ठा आणि पाठिंबा हे शब्द आपण निवडणुकांच्या दिवसांत रोज वाचतो. त्यांची खरी किंमत कशी ठरते हे पाहायला १९६८ इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हा माणूस कोण होता

हम्फ्रींना केवळ 'जॉन्सन यांचा होयबा' म्हणून ओळखणाऱ्यांना त्यांचा आधीचा इतिहास ठाऊक नसतो. दक्षिण डकोटातल्या औषधविक्रेत्याचा हा मुलगा, स्वतःही वडिलांच्या दुकानात औषधं विकलेला. १९४५ मध्ये मिनिॲपोलिसचा महापौर झाला. १९४८ साली फिलाडेल्फियाच्या पक्ष अधिवेशनात अवघ्या ३७ व्या वर्षी त्यांनी उभं राहून सांगितलं, की राज्यांच्या हक्कांच्या सावलीतून बाहेर पडून मानवी हक्कांच्या लख्ख उन्हात चालायची वेळ आली आहे. पक्षश्रेष्ठींना नागरी हक्कांचा हा ठराव नको होता. तो मंजूर झाला आणि दक्षिणेतले काही प्रतिनिधी सभागृह सोडून गेले. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये अडवून धरला गेला तेव्हा ती कोंडी फोडण्याची जबाबदारी हम्फ्रींवर होती, आणि १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करून त्यांनी ती पार पाडली. साठच्या दशकात आपल्याकडे रेशनवर जो अमेरिकन गहू आला, त्या पीएल-४८० योजनेचे सिनेटमधले एक मोठे पुरस्कर्तेही तेच.

म्हणजे पक्षाला न आवडणारं बोलण्याचं धैर्य या माणसात नव्हतं असं कोणी म्हणू नये. धैर्य होतं. मग १९६८ मध्ये ते कुठे गेलं, हा प्रश्न म्हणून जास्त सलतो.

माझ्या मते त्याचं उत्तर १९६४ च्या ऑगस्टमध्ये, अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात सुरू होतं. लिंडन जॉन्सन यांनी उपाध्यक्षपदाचं नाव शेवटपर्यंत लटकवत ठेवलं होतं. यादीत हम्फ्री होते, मॅकार्थीही होते. त्याच वेळी मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांचं एक प्रतिनिधी मंडळ, त्यात फॅनी लू हेमर होत्या, आपल्या राज्याच्या गोऱ्या प्रतिनिधींऐवजी आम्हाला बसवा म्हणून आलं होतं. जॉन्सन यांनी हा वाद मिटवायचं काम हम्फ्रींकडे सोपवलं. १९४८ च्या भाषणाचा हा वक्ता त्या मंडळाला दोन जागांवर समाधान मानायला सांगत होता. मंडळाने ते नाकारलं, पण अधिवेशन फुटलं नाही आणि हम्फ्रींना उपाध्यक्षपद मिळालं. मॅकार्थींनी त्याआधीच तार करून आपलं नाव मागे घेतलं होतं. ज्या पदासाठी आधी निष्ठेची परीक्षा द्यावी लागते, त्या पदावर बसल्यावर परीक्षा संपत नाही. जॉन्सन यांनी ती कधी संपू दिलीही नाही.

फेब्रुवारी १९६५ चं टिपण

या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद निवडणुकीच्या जवळजवळ पावणेचार वर्षं आधीचा आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या प्लेकूच्या अमेरिकी तळावर हल्ला झाला आणि जॉन्सन उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक वाढवायच्या विचारात होते. तेव्हा उपाध्यक्ष होऊन महिनाही न उलटलेल्या हम्फ्रींनी अध्यक्षांना एक खाजगी टिपण पाठवलं. त्यात लष्करी डावपेच फारसे नव्हते, राजकारण होतं. आपण नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना युद्धखोर ठरवून ६१ टक्के मतं घेतली. आता आपणच युद्ध वाढवलं तर ते लोकांना समजावून सांगता येणार नाही. उजव्या बाजूच्या विरोधाची भीती न बाळगता यातून मागे फिरता येईल असं हे एकच वर्ष आहे. युद्ध वाढलं तर विरोध रिपब्लिकनांकडून येणार नाही, तो आपल्याच पक्षातून, उदारमतवाद्यांतून आणि कामगारांतून येईल.

तीन वर्षांनी घडलं ते जवळजवळ ओळीने असंच. आज ते टिपण वाचताना अंगावर काटा येतो. जॉन्सन यांना मात्र ते लेखी सल्ला देणंच खटकलं. व्हिएतनामवरच्या अंतर्गत चर्चांतून हम्फ्रींना जवळजवळ वर्षभर बाहेर ठेवण्यात आलं. उपाध्यक्षपदाला स्वतःचं असं काम नसतं. अध्यक्षांनी बोलावलं नाही की तो माणूस इमारतीत असून नसल्यासारखा होतो.

फेब्रुवारी १९६६ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं. सायगाव, बँकॉक, नवी दिल्ली, मनिला असा मोठा दौरा. परतल्यावर हम्फ्री युद्धाचे जाहीर समर्थक झाले आणि चर्चेच्या टेबलावर त्यांची खुर्ची परत आली. त्यांना खरंच पटलं होतं की पटवून घेतलं होतं, हे बाहेरून कोणाला सांगता येणार नाही. एवढं खरं, की १९६५ मध्ये ज्याचं निदान अचूक होतं तोच माणूस पुढची दोन वर्षं त्या निदानाविरुद्ध व्यासपीठावरून बोलत राहिला. १९६८ मध्ये 'मी आधीच सांगितलं होतं' असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती. टिपण गुप्त होतं, भाषणं जाहीर होती.

प्रायमरी न लढता उमेदवारी

१९६८ च्या सुरुवातीचे महिने थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतात. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींनी विद्यमान अध्यक्षांविरुद्ध सुमारे ४२ टक्के मतं घेतली. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. ३१ मार्चला जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. हम्फ्री त्या दिवशी मेक्सिको सिटीत होते. सकाळी जॉन्सन त्यांना भाषणाचा शेवट दाखवून गेले होते, तरी खात्री नव्हती. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ५ जूनला कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

हम्फ्रींनी २७ एप्रिलला उमेदवारी जाहीर केली आणि त्या भाषणात आनंदाच्या राजकारणाची भाषा केली. किंग यांच्या हत्येला महिनाही झालेला नव्हता. शब्द त्यांच्या स्वभावाला शोभणारे होते, काळाला नव्हते.

त्यांनी एकही प्रायमरी लढवली नाही, आणि त्या वेळच्या नियमांत ते सहज चालत होतं. तेव्हा पंधराएक राज्यांतच प्रायमरी होत. अधिवेशनात उमेदवार निवडणारे बाकीचे प्रतिनिधी राज्यातले पक्षनेते, गव्हर्नर, महापौर आणि कामगार संघटनांचे पुढारी ठरवत. काही राज्यांत तर ही निवड निवडणुकीच्या वर्षाआधीच उरकलेली असे. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली, टेक्ससचे गव्हर्नर जॉन कॉनली, कामगार महासंघाचे जॉर्ज मीनी अशा माणसांच्या शब्दावर शेकडो प्रतिनिधी फिरत. या माणसांना हम्फ्री आवडत होते हे खरं. पण त्यांच्यापैकी अनेकांची पहिली निष्ठा जॉन्सन यांच्याशी होती. हम्फ्रींकडचे प्रतिनिधी काही अंशी उसने होते, आणि उसने देणारा व्हाइट हाउसमध्ये बसलेला होता. लोकांच्या मतांनी जिंकलेली प्रतिनिधींची फळी पाठीशी असती तर पुढचा उन्हाळा वेगळा गेला असता.

२५ जुलै

जुलैमध्ये हम्फ्रींच्या माणसांनी व्हिएतनामवर स्वतंत्र भूमिकेचा एक मसुदा तयार केला. उत्तरेवरची बॉम्बफेक थांबवण्याकडे त्याचा कल होता. २५ जुलैला हम्फ्री तो घेऊन जॉन्सन यांच्याकडे गेले.

ते तो घेऊन का गेले, इथे मी प्रत्येक वेळी अडखळतो. अमेरिकेच्या घटनेनुसार उपाध्यक्ष निवडून आलेला असतो. अध्यक्ष त्याला मंत्र्यासारखा काढून टाकू शकत नाही. हम्फ्रींना परवानगीची गरज नव्हती. कळवायला जाणं वेगळं आणि विचारायला जाणं वेगळं. ते विचारायला गेले. जॉन्सन यांनी मसुदा धुडकावला. उत्तर व्हिएतनामशी पॅरिसमध्ये चाललेल्या वाटाघाटी बिघडतील, आघाडीवरच्या सैनिकांचे जीव धोक्यात येतील, त्यांत माझे जावईही आहेत, असं त्यांचं म्हणणं. व्हिएतनाममध्ये तेव्हा पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते आणि त्या एका वर्षात सोळा हजारांहून जास्त मारले गेले. अशा वेळी 'तुमच्यामुळे पोरं मरतील' हे वाक्य ऐकून परत फिरणारा माणूस भित्रा असतोच असं नाही. पण मसुदा खिशात राहिला, आणि अधिवेशनाला महिना उरला होता.

जॉन्सन यांच्या मनात काय होतं? ते शांततेसाठी प्रामाणिकपणे झटत होते असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि पुढच्या काही घटना त्याला पुष्टीही देतात. पण आपल्या युद्धावर आपल्याच उपाध्यक्षाने ठपका ठेवू नये, ही त्यांची त्याहून मोठी चिंता होती, असं मला वाटतं. सप्टेंबरमध्ये निक्सन यांनी धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्यामार्फत जॉन्सन यांना निरोप पाठवला, की मी निवडून आलो तर तुमचा मान राखीन, निवृत्तीनंतर तुम्हाला लाज आणणारं काही करणार नाही. प्रतिस्पर्धी पक्षाच्या उमेदवाराला अध्यक्षांची दुखरी नस बरोबर सापडली होती.

शिकागो

अधिवेशन २६ ते २९ ऑगस्टला शिकागोत भरलं. तारखा इतक्या उशिराच्या, कारण ठरवल्या तेव्हा जॉन्सन पुन्हा उभे राहतील असं गृहीत होतं आणि २७ तारखेला त्यांचा साठावा वाढदिवस होता. प्रत्यक्षात ते टेक्ससमधल्या आपल्या शेतावरच राहिले. सूत्रं मात्र तिथून हलत होती.

जाहीरनाम्यातल्या व्हिएतनामच्या कलमावर हम्फ्रींच्या माणसांनी एक मधला मसुदा जुळवला होता. मॅकार्थी आणि केनेडी गटातल्या मवाळांना तो गिळता आला असता आणि परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचाही त्याला विरोध नव्हता. जॉन्सन यांनी तो नाकारला. हम्फ्रींनी पुन्हा माघार घेतली. मग दोन टोकांचे मसुदे मतदानाला आले. बॉम्बफेक बिनशर्त थांबवा म्हणणारा ठराव १५६७¾ विरुद्ध १०४१¼ मतांनी पडला. हे अपूर्णांक सोडले तर त्या आकड्यांत एक साधी गोष्ट दिसते: पक्षाच्या चाळीस टक्के प्रतिनिधींनी आपल्या होऊ घातलेल्या उमेदवाराच्या भूमिकेविरुद्ध मत दिलं. असा पक्ष अधिवेशनातून घरी जातो तो प्रचाराला लागत नाही.

त्याच रात्री, २८ ऑगस्टला, मिशिगन ॲव्हेन्यूवर हिल्टन हॉटेलसमोर पोलिसांनी निदर्शकांना बेदम मारलं. दूरचित्रवाणीवर एका बाजूला लाठ्या आणि दुसऱ्या बाजूला हम्फ्रींची उमेदवारी असं दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. डिसेंबरमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने या प्रकाराला पोलिसांचीच दंगल म्हटलं. हम्फ्रींना सुमारे १७६० मतं मिळाली, मॅकार्थींना ६०१. शुक्रवारी पहाटे पोलीस हिल्टनच्या पंधराव्या मजल्यावर मॅकार्थींच्या कार्यकर्त्यांच्या खोल्यांत घुसले. कार्यकर्त्यांनी हम्फ्रींशी संपर्क साधायचा प्रयत्न केला, तो झाला नाही.

राजकारणात नाराजांची मनधरणी पहिल्या चोवीस तासांत करायची असते. हे आपल्याकडे तालुका पातळीवरचा कार्यकर्ताही जाणतो. उमेदवारी जाहीर झाली की विजयी माणूस त्याच संध्याकाळी हरलेल्याच्या दारी जातो. हम्फ्रींच्या उमेदवारीनंतरची ती पहाट मॅकार्थींच्या पोरांनी पोलिसांच्या तावडीत काढली.

ज्याने पाठिंबा दिला नाही त्याची बाजू

मॅकार्थींवर टीका करणं सोपं आहे आणि मी ती करणार आहे. पण आधी त्यांचं म्हणणं. नोव्हेंबर १९६७ मध्ये कोणीही मोठा नेता जॉन्सन यांच्याविरुद्ध उभं राहायला तयार नव्हता, तेव्हा ते उभे राहिले. हजारो विद्यार्थी केस कापून, दाढ्या करून न्यू हॅम्पशायरच्या बर्फात घरोघर फिरले, कारण व्यवस्थेच्या आत राहून युद्ध थांबवता येतं असं त्यांना सांगितलं गेलं होतं. प्रायमरीत त्यांना आणि केनेडींना मिळून बहुसंख्य मतं पडली, उमेदवारी मात्र एकही प्रायमरी न लढवलेल्या माणसाला गेली. अशा वेळी लगेच हात उंचावून फोटो काढणं म्हणजे त्या मुलांचा विश्वासघात, असं त्यांना वाटलं असेल तर ते मला समजतं.

पुढचं समजत नाही. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांचाही युद्धाला तेवढाच विरोध होता. ते अधिवेशनातच हम्फ्रींच्या शेजारी उभे राहिले. एडवर्ड केनेडींनी दोन भाऊ हत्येत गमावले होते, तरी १९ सप्टेंबरला ते बॉस्टनमध्ये हम्फ्रींबरोबर व्यासपीठावर आले आणि लोकांची हुर्यो सहन केली. मॅकार्थी फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुटीला गेले. परतल्यावर बेसबॉलच्या जागतिक मालिकेवर एका साप्ताहिकासाठी लिहीत होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पाठिंब्याच्या अटी सांगितल्या: व्हिएतनाम धोरणात बदल, सक्तीच्या लष्करभरतीत सुधारणा, पक्षाच्या नियमांत सुधारणा. मागण्या रास्त होत्या. पण अटी घालायची वेळ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. तेव्हा हम्फ्रींना त्यांची सर्वांत जास्त गरज होती, आणि जॉन्सन यांच्याकडे 'माझा नाइलाज आहे' म्हणून जायला कारणही हवं होतं. मॅकार्थींनी ते कारण त्यांच्या हाती द्यायला हवं होतं. पाठिंबा ही सौद्याची गोष्ट आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याच्याकडे तेरा लाख मतं आहेत त्याने ती युद्ध थांबवण्याच्या बदल्यात वेळेत वापरावीत, हेच त्याच्या मुलांवरचं खरं इमान.

अखेर २९ ऑक्टोबरच्या निवेदनात त्यांनी हम्फ्रींना मत देणार असल्याचं सांगितलं, तेही कोरड्या शब्दांत. त्याच निवेदनात १९७० मध्ये मिनेसोटातून सिनेटसाठी आणि १९७२ मध्ये अध्यक्षपदासाठी आपण पक्षाचे उमेदवार नसू, असंही जाहीर केलं. बातमी या दुसऱ्या भागाची झाली.

सप्टेंबरचा तळ आणि सॉल्ट लेक सिटी

सप्टेंबरच्या शेवटी गॅलपच्या चाचणीत हम्फ्री २८ टक्क्यांच्या आसपास होते, निक्सन यांच्यापेक्षा सुमारे पंधरा अंकांनी मागे आणि वॉलेस यांच्यापेक्षा थोडेच पुढे. पैसे नव्हते. सभेत युद्धविरोधी तरुण त्यांना बोलू देत नव्हते. ९ सप्टेंबरला ते म्हणाले की वर्षअखेरीस किंवा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला काही सैन्य परत येऊ शकेल. दुसऱ्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सला माजी सैनिकांपुढे जॉन्सन म्हणाले की तो दिवस कधी येईल हे कोणीही सांगू शकत नाही. आपल्याच उमेदवाराला अध्यक्षांनी चोवीस तासांत जाहीरपणे खोटं पाडलं. निष्ठा एकाच बाजूने वाहत होती याचा याहून उघड पुरावा नको. निक्सन यांना काही बोलायची गरजच पडत नव्हती. वाटाघाटींत अडथळा नको, असं म्हणून ते व्हिएतनामवर गप्प राहिले.

२८ सप्टेंबरला सिॲटलमध्ये गोंधळाने कळस गाठला. दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, सॉल्ट लेक सिटीहून हम्फ्रींनी दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाचं भाषण केलं. समोरच्या मेजावर उपाध्यक्षांचं बोधचिन्ह नव्हतं. ते मुद्दाम काढलेलं होतं. मी अध्यक्ष झालो तर उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक शांततेसाठी पत्करण्याजोगा धोका म्हणून थांबवीन, असं ते म्हणाले. पाठोपाठ सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्याबद्दलची अट जोडलीच. जॉर्ज बॉल यांनी काही दिवसांपूर्वीच संयुक्त राष्ट्रांतलं राजदूतपद सोडून त्यांच्यासाठी काम सुरू केलं होतं, त्यांचा हातभार यात होता. या वेळी हम्फ्रींनी जॉन्सन यांना फोन केला तो प्रसारणाच्या थोडा आधी, आणि फक्त कळवायला.

शब्दांच्या पातळीवर बदल किरकोळ होता. जाणकारांनी तेव्हाही तेच लिहिलं. पण लोकांनी शब्द मोजले नाहीत. पुढच्या सभांत गोंधळ ओसरला, 'मनापासून म्हणत असाल तर आम्ही तुमच्याबरोबर' अशा आशयाचे फलक दिसू लागले, छोट्या छोट्या देणग्या येऊ लागल्या. कामगार महासंघाने कोट्यवधी पत्रकं वाटून वॉलेस यांच्याकडे वळलेले कामगार परत आणले. ३ ऑक्टोबरला वॉलेस यांनी उपाध्यक्षपदासाठी जनरल कर्टिस लीमे यांना पुढे केलं आणि जनरलनी पहिल्याच पत्रकार परिषदेत अण्वस्त्रांबद्दल जे बोलायला नको ते बोलून वॉलेस यांचं नुकसान केलं. शेवटच्या आठवड्यात हॅरिसच्या चाचणीत हम्फ्री थोडे पुढेही होते.

शेवटचे पाच दिवस

३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी बॉम्बफेक थांबवल्याचं जाहीर केलं. २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू यांनी पॅरिसला येणार नसल्याचं सांगितलं. निक्सन यांच्या गोटातून ॲना शेनॉल्ट यांच्यामार्फत सायगावच्या सरकारला निवडणुकीपर्यंत वाटाघाटींपासून दूर थांबण्याचे निरोप जात होते, हे जॉन्सन यांना टेहळणीतून कळलेलं होतं. त्यांनी रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्याशी फोनवर बोलताना याला देशद्रोह म्हटलं. निक्सन यांचे सहकारी हाल्डमन यांनी २२ ऑक्टोबरला लिहिलेल्या नोंदींत खुद्द निक्सन यांच्याच सूचना आहेत, हे मात्र जवळजवळ अर्धशतकानंतर उजेडात आलं. हम्फ्रींना हे प्रकरण कळलं होतं. त्यांनी ते बाहेर काढलं नाही: पुरावा अपुरा, तोही गुप्त टेहळणीचा, आणि निक्सन स्वतः सामील असल्याची खात्री नाही. या एका संयमाबद्दल मी त्यांना दोष देत नाही. अर्धवट पुराव्यावर देशाच्या वाटाघाटी पणाला लावायच्या नाहीत, हे त्यांनी ओळखलं. तो संयम जॉन्सन यांच्यासाठी पाळलेला नव्हता.

टेक्ससची अडचण

आता माझ्याच मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप. हम्फ्री जुलैतच जॉन्सन यांच्यापासून दूर झाले असते तर टेक्ससचं काय झालं असतं? यादवी युद्धात संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेतलं ते एकमेव राज्य हम्फ्रींनी जिंकलं, तेही सुमारे ३९ हजार मतांनी, आणि त्याची इलेक्टोरल मतं होती २५. कॉनली आणि त्यांचे पक्षातले विरोधक सिनेटर यारबरो या दोघांनी ऑक्टोबरमध्ये भांडण बाजूला ठेवून काम केलं. ३ नोव्हेंबरला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये जॉन्सन स्वतः हम्फ्रींच्या शेजारी उभे राहिले. अध्यक्ष रागावून बसले असते तर ३९ हजारांची आघाडी टिकली नसती, आणि अधिवेशनात दक्षिणेचे प्रतिनिधी फिरले असते तर उमेदवारीही डळमळली असती.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. अधिवेशनाआधी तोडणं खरंच धोक्याचं होतं. पण २९ ऑगस्टच्या रात्री उमेदवारी खिशात होती, ती कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. तिथून ३० सप्टेंबरपर्यंतचा महिना फुकट गेला. सॉल्ट लेकच्या भाषणानंतर टेक्सस हातचं गेलं नाही. जॉन्सन चिडले आणि तरीही शेवटी ह्यूस्टनला आले, कारण आपल्या राज्यात आपला पक्ष हरलेला त्यांनाही परवडणारा नव्हता. जे सप्टेंबरच्या शेवटी टेक्सस न गमावता बोलता आलं, ते सप्टेंबरच्या सुरुवातीलाही बोलता आलं असतं. पंधरा अंकांची दरी पाच आठवड्यांत एका अंकाच्या आत आली. त्या वेगाला आणखी चार आठवडे मिळाले असते तर कॅलिफोर्नियातले सव्वादोन लाख, मिसूरीतले वीस हजार किंवा न्यू जर्सीतले एकसष्ट हजार मतदार भरून काढणं अशक्य नव्हतं, असं मी ठामपणे म्हणतो.

२०२४ मध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेऊन त्याच दिवशी कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला आणि पक्ष काही तासांत त्यांच्यामागे उभा राहिला. अधिवेशनही पुन्हा शिकागोतच झालं. ८ ऑक्टोबरला एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना विचारलं गेलं, की तुम्ही बायडन यांच्यापेक्षा काय वेगळं केलं असतं? असं काही मनात येत नाही, हे त्यांचं उत्तर विरोधकांनी शेवटपर्यंत जाहिरातींत वापरलं. पाठिंबा त्यांना वेळेत मिळाला होता, निष्ठेची मर्यादा आखायला मात्र त्यांनाही जमलं नाही.

पुढे काय झालं

शिकागोच्या अधिवेशनाने पक्षाचे नियम तपासायला जो आयोग नेमायचं ठरवलं, त्याचं अध्यक्षपद आधी मॅकगव्हर्न आणि मग डोनाल्ड फ्रेझर यांच्याकडे आलं. त्या आयोगाने प्रतिनिधी निवडीची सगळी पद्धत बदलली. डेली आणि कॉनली यांच्यासारख्यांनी बंद खोलीत प्रतिनिधी ठरवायचे दिवस संपले. प्रायमरींची संख्या झपाट्याने वाढली आणि पुढे रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. आज उमेदवाराला आयोवाच्या थंडीत आणि न्यू हॅम्पशायरच्या गावागावांत फिरावं लागतं, त्याची मुळं या पराभवात आहेत.

मॅकार्थींनी सोडलेल्या सिनेटच्या जागेवर १९७० मध्ये हम्फ्री निवडून आले. १९७२ मध्ये नव्या नियमांखाली ते पुन्हा अध्यक्षपदासाठी उतरले, या वेळी प्रायमरी लढवल्या, आणि कॅलिफोर्नियात मॅकगव्हर्न यांच्याकडून थोडक्यात हरले. त्या राज्याच्या नियमाप्रमाणे सगळे प्रतिनिधी विजेत्याला जात होते. हम्फ्रींच्या गटाने अधिवेशनापर्यंत त्या नियमाविरुद्ध झुंज दिली आणि ती गमावली. १३ जानेवारी १९७८ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा ते सिनेटरच होते.